डेर, डी, डास : जर्मन नामांचें लिंग आणि मराठी विद्यार्थी

परभाषेचा अभ्यास आरंभिणाऱ्या विद्यार्थ्यास पहिली अडचण उच्चारांची वाटते. परंतु ती थोड्याच दिवसांत ओसरते. जी अडचण वर्षानुवर्षें पाठ सोडीत नाहीं, ती व्याकरणाची होय. जर्मन भाषेच्या बाबतींत ही अडचण पहिल्या धड्यापासूनच पुढें उभी राहते. तेथें नामाच्या आधीं डेर, डी किंवा डास यांपैकीं एक लहानसा शब्द येतो : पुल्लिंगी नामास डेर, स्त्रीलिंगी नामास डी आणि नपुंसकलिंगी नामास डास. यांस उपपद म्हणावें. कोणत्या नामास कोणतें उपपद, हें ठाऊक नसेल, तर पुढचें विशेषण चुकतें, सर्वनाम चुकतें, विभक्ति चुकते आणि सबंध वाक्य लंगडें होतें. ‘डास’ हा शब्द ऐकून मुलें प्रथम हंसतात. त्यांना हंसूं द्यावें. हंसत शिकलेला शब्द सहसा विसरत नाहीं.

ह्या विषयाकडे आपल्या भागांतील मुलांचें व पालकांचें लक्ष वळण्यास कारणहि तसेंच आहे. महाराष्ट्र शासन आणि जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग हें राज्य यांच्यामध्यें फेब्रुवारी २०२४ मध्यें करार झाला आणि परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कुशल माणसांना तिकडे पाठविण्याची योजना पुढें आली. अशा मार्गानें जाणारास भाषेची परीक्षा चुकत नाहीं. युरोपांत भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानिल्या आहेत. जर्मनींत काम करूं इच्छिणाऱ्या परिचारिकेस सामान्यतः त्यांतील बी-२ ही चौथी पायरी गांठावी लागते. शिकवणीस पैसा लागतो, वेळ लागतो. एखादा होतकरू मुलगा डेर-डी-डासला कंटाळून वही मिटतो, तेव्हां आईबापांचा पैसा आणि मुलाची उमेद हीं दोन्ही वायां जातात.

प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच दाखविण्याचा आहे कीं, ही अडचण मराठी मुलास वाटते तितकी परकी नाहीं. कुलूप जर्मन असलें, तरी त्याची किल्ली आपल्या मातृभाषेंत आहे. मात्र ती किल्ली इंग्रजीच्या पेटींत शोधूं नये.

इंग्रजीचा चष्मा

आपल्या हातीं येणारीं जर्मन पाठ्यपुस्तकें पुष्कळदां इंग्रजींतून समजावून दिलेलीं असतात. इंग्रजींत ‘दि’ हें एकच उपपद सर्व नामांस चालतें. म्हणून इंग्रजीच्या चष्म्यांतून पाहणारास वाटतें कीं, एका शब्दानें भागणाऱ्या कामासाठीं जर्मन लोकांनीं तीन शब्द विनाकारण डोक्यावर घेतले आहेत. वस्तुतः जुन्या इंग्रजींतहि तीन लिंगें होतीं, इ. स. ११०० नंतरच्या दोनतीन शतकांत तीं लोपलीं. आपल्या देशांत बंगालीनें नामांचें व्याकरणिक लिंग टाकून दिलें, हिंदीनें तिहींपैकीं दोन ठेविलीं. संस्कृतांतील तिन्ही लिंगें जपून ठेवणाऱ्या आजच्या प्रमुख भाषा म्हणजे मराठी, गुजराती आणि कोंकणी. संस्कृत आणि जर्मन ह्या एकाच मोठ्या भाषाकुलाच्या दूरच्या शाखा आहेत; त्या कुलाची ही पुरातन ठेव जर्मन भाषेनें तिकडे राखिली आणि मराठीनें इकडे राखिली.

मराठींत उपपद नाहीं हें खरें. पण लिंगाची खूण आपण दुसऱ्या ठिकाणीं लावितों. ‘मोठा वाडा पडला, मोठी भिंत पडली, मोठें झाड पडलें’ ह्या तीन वाक्यांत विशेषण व क्रियापद हीं दोन्ही नामाच्या लिंगाप्रमाणें बदललीं. जर्मन मनुष्य हीच खूण मुख्यतः नामाच्या आधीं लावितो. त्याचें क्रियापद लिंगानें बदलत नाहीं. म्हणजे जें आपण दोन ठिकाणीं सांभाळतों, त्याच्या एका ठिकाणीं त्यास सुटका आहे.

जुन्या मराठी लेखनांत ही खूण डोळ्यांनाहि स्पष्ट दिसत असे. ‘ते’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन आणि ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. भेद एका टिंबाचा. १९६२ सालीं नवे लेखननियम झाले आणि हीं टिंबें गेलीं. ह्या लेखांत जुनी रीत राखिली आहे, तिचा वाचकांस येथें एवढाच उपयोग कीं, नपुंसकलिंग कोठें आहे हें पानावर दिसावें.

लिंग शब्दाचें, वस्तूचें नव्हे

विद्यार्थ्यांचा नेहमींचा प्रश्न असा कीं, मेजाला अथवा चमच्याला पुरुषत्व कोठून आलें? प्रश्नच चुकीचा आहे. लिंग वस्तूचें नसतें, शब्दाचें असतें. संस्कृत शिकणाऱ्या मुलांस हें एका उदाहरणानें पूर्वापार शिकवीत आले आहेत : ‘दार’, ‘भार्या’ आणि ‘कलत्र’ ह्या तिन्ही शब्दांचा अर्थ पत्नी, परंतु पहिला शब्द पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी, तिसरा नपुंसकलिंगी. जुन्या मराठींत गृहस्थ पत्नीविषयीं बोलतांना ‘आमचें कुटुंब’ म्हणत, तेंहि नपुंसकलिंगीच. जर्मनमध्यें स्त्रीस ‘डी फ्राउ’ म्हणतात, तर ‘डास वाइब’ हा त्याच अर्थाचा जुना शब्द नपुंसकलिंगी आहे. तेव्हां ह्या बाबतींत जर्मन भाषा आपल्याहून अधिक विक्षिप्त नाहीं.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या मुलांस आणखी एक उदाहरण सांगतां येईल. ‘आत्मा’ ह्या अर्थाचा हिब्रू शब्द ‘रूआख’ हा प्रायः स्त्रीलिंगी आहे, ग्रीक ‘न्यूमा’ हा नपुंसकलिंगी आहे, आणि जर्मन ‘डेर गाइस्ट’ व मराठी ‘आत्मा’ हे पुल्लिंगी आहेत. अर्थ एकच, लिंगें तीन. लिंग अर्थावर अवलंबून असतें, तर असें झालें नसतें.

शिवाय सर्वच भाषा नामांची वांटणी स्त्री-पुरुष अशी करीत नाहींत. आपल्या शेजारच्या मेळघाटांतील कोरकू भाषेंत भेद आहे तो सजीव आणि निर्जीव यांचा. तात्पर्य, लिंग म्हणजे नामांचे वर्ग पाडण्याची एक रीत होय. जर्मन जेवणाच्या मेजावर डेर ल्योफेल म्हणजे चमचा, डी गाबेल म्हणजे कांटा आणि डास मेसर म्हणजे सुरी, अशीं तिन्ही लिंगें शेजारी शेजारी बसतात. आपल्या स्वयंपाकघरांत तो तवा, ती पळी आणि तें ताट हीं शेजारी बसतात, त्याचें आपणांस कधीं आश्चर्य वाटलें नाहीं.

मराठी लिंग जर्मन शब्दास लावावें काय?

येथें मात्र सावध राहावयास हवें. तीन लिंगांची संवय मराठीनें दिली, म्हणून प्रत्येक शब्दाचें लिंगहि मराठीवरून ठरवितां येईल, असें कोणी समजूं नये. शरीराच्या बारा भागांचीं नांवें घेऊन पडताळा पाहूं :

तो डोळा – डास आउगे
तो कान – डास ओर
तें नाक – डी नाझे
तें तोंड – डेर मुंट
ती जीभ – डी त्सुंगे
तो दांत – डेर त्सान
तें डोकें – डेर कोप्फ
तो केस – डास हार
तो हात – डी हांट
तो पाय – डेर फूस
तें पोट – डेर बाउख
तें हृदय – डास हेर्त्स

जीभ, दांत, पाय आणि हृदय हे चार शब्द जुळले. आठ जुळले नाहींत. तिहींपैकीं एक चिठ्ठी डोळे मिटून उचलली असती, तरी सुमारें इतकेंच यश आलें असतें. म्हणून मराठी लिंगावरून जर्मन लिंगाचा तर्क करूं नये.

पण यांत घाबरण्यासारखेंहि कांहीं नाहीं. एकाच वस्तूचीं दोन भाषांतील दोन लिंगें वेगळीं सांभाळणें हें वऱ्हाडांतील मुलास नवें नाहीं. घरीं तो ‘पुस्तक चांगलें आहे’ म्हणतो आणि बाजारांत हिंदी बोलतांना ‘पुस्तक अच्छी है’ म्हणतो. मराठींत ‘आत्मा’ तो, हिंदींत ‘आत्मा’ ती. एकाच शब्दाचीं दोन खातीं ज्यानें मनांत वेगळीं ठेविलीं, त्यास तिसरें खातें उघडतां येणार नाहीं, असें कोण म्हणेल? हिंदी आणि मराठी यांचीं लिंगें जो काळजीपूर्वक वेगळीं ठेवितो, त्याचा हा अभ्यास जर्मन शिकण्यापूर्वींच झालेला असतो. जो दोहोंची खिचडी करितो, त्यास तिसरी भाषा जड जाते.

जेथें नियम चालतात

सर्वच नामांचें लिंग पाठ करावें लागतें असें नाहीं. कित्येक वर्गांत नियम चालतात, आणि त्यांतील पुष्कळ नियमांचे सोबती आपल्या मराठींत सांपडतात.

पहिला नियम माणसांचा. डेर फाटर, डी मुटर, डास किंट. तो बाप, ती आई, तें मूल. येथें दोन्ही भाषा अक्षरशः जुळतात.

दुसरा नियम लहानपण दाखविणाऱ्या शब्दांचा. ज्या जर्मन शब्दाच्या शेवटीं ‘शेन’ किंवा ‘लाइन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय येतो, तो नेहमीं नपुंसकलिंगी असतो. म्हणूनच मुलगी ह्या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द डास घेतो आणि नवख्यास चमत्कारिक वाटतो. मराठी मुलास तो तसा वाटूं नये. गाय ती, पण तिचें वासरूं तें. शेळी ती, पण करडूं तें. मेंढी ती, पण कोंकरूं तें. लेंकरूं, पिल्लूं, पांखरूं हीं सारीं नपुंसकलिंगीच. लहान व लाडकें जें जें, तें तें नपुंसकलिंगांत घालण्याची रीत दोन्हीकडे आहे.

तिसरा नियम क्रियावाचक नामांचा. जर्मन धातूचें मूळ रूप जसेंच्या तसें नाम म्हणून वापरलें, तर तें नपुंसकलिंगी होतें : डास एसेन, डास ट्रिंकेन, डास लेबेन. मराठींतहि खाणें तें, पिणें तें, जगणें तें. हा नियम आपल्या मुलास वेगळा शिकविण्याची गरजच नाहीं.

चौथा नियम वार, महिने आणि ऋतु यांचा. हे जर्मनमध्यें पुल्लिंगी आहेत : डेर मोन्टाग म्हणजे सोमवार, डेर यानुआर म्हणजे जानेवारी, डेर झोमर म्हणजे उन्हाळा. आपल्याकडेहि तो सोमवार, तो चैत्र, तो उन्हाळा.

पांचवा नियम प्रत्ययांचा. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’, ‘टेट’ हे प्रत्यय लागून झालेलीं नामें स्त्रीलिंगी असतात : डी त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, डी फ्राइहाइट म्हणजे स्वातंत्र्य, डी फ्रॉइंडशाफ्ट म्हणजे मैत्री, डी उनिव्हेर्सिटेट म्हणजे विद्यापीठ. ‘लिंग’ आणि ‘इस्मुस’ हे प्रत्यय लागलेलीं नामें पुल्लिंगी असतात. काम करणारा दाखविणारा ‘अर’ हाहि पुल्लिंगी : डेर लेरर म्हणजे शिक्षक, त्यास ‘इन’ जोडलें कीं डी लेररिन म्हणजे शिक्षिका. प्रत्ययानें लिंग ठरतें हें मराठींत पाहावयाचें असेल, तर ‘मोठेपणा’ आणि ‘मोठेपण’ हे दोन शब्द घ्यावे. अर्थांत भेद नाहीं म्हटलें तरी चालेल. पण मोठेपणा तो आणि मोठेपण तें.

ज्यांच्या शेवटीं ‘ए’ असा स्वर येतो, अशीं जर्मन नामें बहुधा स्त्रीलिंगी असतात : डी शूले म्हणजे शाळा, डी लांपे म्हणजे दिवा. येथें ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा; कारण डेर नामे म्हणजे नांव आणि डास आउगे म्हणजे डोळा हे अपवाद आहेत. मराठींतहि ईकारान्त नामें बहुधा स्त्रीलिंगी असतात. तरीपण हत्ती तो आणि पाणी तें. अपवाद पाहून नियम टाकून देऊं नये. नियम पाठ करून अपवाद वेगळे लिहावे.

सहावा नियम समासांचा. जर्मन भाषा शब्दांस शब्द जोडून लांबलचक समास करिते. परंतु कितीहि लांब समास असला, तरी लिंग शेवटच्या शब्दाचें. ‘बाउम’ म्हणजे झाड, हा शब्द डेर घेतो. ‘वोले’ म्हणजे लोंकर, हा शब्द डी घेतो. दोहोंचा मिळून ‘बाउमवोले’, म्हणजे झाडाची लोंकर, अर्थात् आपल्या वऱ्हाडचा कापूस. शेवटचा शब्द वोले, म्हणून डी बाउमवोले. त्याचप्रमाणें हाउस म्हणजे घर हें डास, म्हणून क्रांकेनहाउस म्हणजे रुग्णालय हेंहि डास. आपल्याकडे देव तो, घर तें, आणि देवघर तें. राजा तो, कन्या ती, आणि राजकन्या ती. जर्मनींत १ जानेवारी २०२० पासून परिचर्येच्या शिक्षणाचा नवा कायदा लागू झाला. त्यांत त्या व्यवसायाचें नांव स्त्रीसाठीं ‘प्फ्लेगेफाखफ्राउ’ आणि पुरुषासाठीं ‘प्फ्लेगेफाखमान’ असें आहे. शब्द पाहून छाती दडपावी. पण शेवटीं फ्राउ दिसली कीं डी आणि मान दिसला कीं डेर, एवढें कळलें म्हणजे झालें.

लिंग चुकलें तर काय बिघडतें?

कोणी म्हणेल, डेरच्या जागीं डी म्हटलें तर ऐकणारा समजून घेईल. पुष्कळदां घेईलहि. परंतु कित्येक ठिकाणीं लिंगाबरोबर अर्थ पालटतो. ‘डेर झे’ म्हणजे सरोवर आणि ‘डी झे’ म्हणजे समुद्र. ‘डेर लाइटर’ म्हणजे प्रमुख आणि ‘डी लाइटर’ म्हणजे शिडी; कारखान्यांत एकाच्या जागीं दुसरें मागितलें, तर काय होईल याची कल्पना करावी. मराठींत ‘हार’ तो असेल तर गळ्यांत पडतो आणि ती असेल तर पदरांत पडते. लिंगाचा भेद हा निरर्थक अलंकार नव्हे, हें यावरून दिसेल.

दुसरी हानि विभक्तींत होते. जर्मन उपपद विभक्तीप्रमाणें रूप पालटतें. त्याचें कोष्टक असें :

कर्ता : पुल्लिंग डेर, स्त्रीलिंग डी, नपुंसकलिंग डास, अनेकवचन डी
कर्म : पुल्लिंग डेन, स्त्रीलिंग डी, नपुंसकलिंग डास, अनेकवचन डी
संप्रदान : पुल्लिंग डेम, स्त्रीलिंग डेर, नपुंसकलिंग डेम, अनेकवचन डेन
संबंध : पुल्लिंग डेस, स्त्रीलिंग डेर, नपुंसकलिंग डेस, अनेकवचन डेर

कर्त्याची ओळ पुल्लिंगांत ‘डेर’ म्हणते आणि संप्रदानाची ओळ स्त्रीलिंगांत तोच ‘डेर’ पुन्हां आणते. म्हणून ज्यास मूळ लिंग ठाऊक नाहीं, तो येथें हमखास वाट चुकतो. पण कोष्टकाकडे मराठीच्या दृष्टीनें पाहिलें, तर एक मौजेची गोष्ट दिसते. संप्रदान आणि संबंध यांत पुल्लिंग व नपुंसकलिंग एक होतात (डेम, डेम, डेस, डेस) आणि स्त्रीलिंग तेवढें वेगळें राहतें. मराठींत काय होतें? ‘तो’ यास ‘त्याला, त्याचा’. ‘तें’ यासहि ‘त्याला, त्याचा’. आणि ‘ती’ हिला मात्र ‘तिला, तिचा’. रचना तीच! ‘इख् हेल्फे डेम मान’ म्हणजे मी त्या पुरुषाला मदत करितों, ‘इख् हेल्फे डेम किंट’ म्हणजे मी त्या मुलाला मदत करितों. पण ‘इख् हेल्फे डेर फ्राउ’ म्हणजे मी त्या स्त्रीला मदत करितों.

अनेकवचनांत तर जर्मन भाषा आपल्याहून सोपी आहे. तेथें तिन्ही लिंगांस कर्त्याच्या जागीं एकच ‘डी’ चालतो. मराठी मूल मात्र ‘ते घोडे, त्या गाई, तीं वासरें’ असे तीन भेद पाळतें. त्याचप्रमाणें जर्मन कर्म-विभक्तींत एकट्या पुल्लिंगाचें रूप बदलतें, डेर जाऊन डेन येतो. बाकीचीं जागच्या जागीं राहतात. एवढें एक रूप पक्कें केलें, तर पहिल्या वर्षाचें निम्मे ओझें उतरेल.

अभ्यास कसा करावा

मराठी मूल शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच तो-ती-तें चा वापर शिकलेलें असतें. तें त्यास कोणी कोष्टक देऊन शिकविलें? नाहीं. त्यानें ‘झाड’ हा शब्द एकटा कधींच ऐकला नाहीं; मोठें झाड, तें झाड, झाड पडलें, असा संगतीसह ऐकला. पुढें नवा शब्द आला, तरी तें अडत नाहीं : तो मोबाईल, ती बस, तें स्टेशन, असें तें आपोआप म्हणतें. जर्मन नामहि त्याच रीतीनें शिकावें. ‘टिश’ म्हणजे मेज असें पाठ करूं नये. ‘डेर टिश’ हा जणूं एकच शब्द आहे असें समजून पाठ करावें. उपपदावांचून शिकलेलें नाम अर्धेंच शिकलेलें असतें, आणि उरलेलें अर्धें पुढें दुप्पट श्रमानें शिकावें लागतें.

कानानें शिकण्याचें सामर्थ्य किती मोठें असतें, याचें उदाहरण आपल्या तालुक्यांतच आहे. माधानचे प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि तान्हेपणींच गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन, ऐकून, त्यांनीं विद्या संपादन केली आणि विपुल ग्रंथरचना केली. ज्यांना डोळे आहेत, त्यांनीं कानांचा उपयोग कमी करावा हें बरें नव्हे. म्हणून प्रत्येक जर्मन शब्द उपपदासह मोठ्यानें म्हणावा, आणि घरांतील कोणी तरी तो ऐकावा. ऐकणाऱ्या आईस अथवा आजोबांस जर्मन येत नसलें तरी चालेल. मुलानें उपपद गाळलें कीं नाहीं, एवढें त्यांनाहि ओळखतां येतें.

वहीचीहि एक रीत सांगतों. वहींत तीन रंगांची शाई वापरावी : पुल्लिंगास निळी, स्त्रीलिंगास तांबडी, नपुंसकलिंगास हिरवी. प्रत्येक नामाबरोबर त्याचें अनेकवचन लिहावें आणि एक लहान वाक्य लिहावें. दररोज दहा नामें, त्याहून अधिक नकोत. शंभर दिवसांत हजार होतील. दर रविवारीं मागील साठ-सत्तर नामें झांकून परीक्षा घ्यावी आणि चुकलेलीं पुढील आठवड्याच्या यादींत पुन्हां घालावीं. ही रीत नवी नाहीं. मराठी शिकूं इच्छिणाऱ्या परकीयांसाठीं मोल्सवर्थ यांनीं जो कोश केला (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७), त्यांत नामापुढें त्याचें लिंग नोंदलेलें आहे. आपलें तो-ती-तें त्यांनाहि असेंच एकेक करून शिकावें लागलें.

मातृभाषेचें व संस्कृताचें पक्कें ज्ञान परभाषेस आड येत नाहीं, याविषयीं पंडिता रमाबाईंचें (१८५८–१९२२) स्मरण करावें. त्या संस्कृताच्या पंडिता. पुढें ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, आणि तें १९२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, केडगांवच्या मुक्ति मिशनमधून प्रसिद्ध झालें. ग्रीक भाषेंतहि तीन लिंगें आहेत आणि प्रत्येकाचें उपपद वेगळें आहे. ज्यांनीं संस्कृत रूपें बाळपणीं आत्मसात् केलीं होतीं, त्यांना तीन लिंगें हा कांहीं नवा प्रकार नव्हता.

येथें पालकांस एक विनंती करावीशी वाटते. मुलानें परदेशीं जावें, परभाषा शिकावी, ही इच्छा योग्यच आहे. परंतु त्यासाठीं मराठीचा तास वायां जातो असें समजूं नये. लिंग, वचन, विभक्ति, सामान्यरूप हे शब्द ज्यास मराठीच्या तासाला नीट समजले, त्यास जर्मनचा अर्धा मार्ग चालून झालेला असतो. ज्याचें मराठी व्याकरण कच्चें राहिलें, त्यास तेंच ज्ञान पुढें परक्या भाषेंतून, पैसे मोजून, विकत घ्यावें लागतें.

स्वाध्याय

पुढील नामांस डेर, डी, डास यांपैकीं योग्य उपपद लावा आणि कोणत्या नियमानें तें लावलें, तें सांगा.

१. मिटव्होख (बुधवार)
२. क्रांकहाइट (आजार)
३. फ्योगलाइन (लहानसा पक्षी)
४. लेझेन (वाचणें)
५. हाउसट्यूर (घराचें दार, हाउस हें डास, ट्यूर ही डी)
६. वोनुंग (राहण्याची जागा)

उत्तरें : १. डेर, वारांचा नियम. २. डी, ‘हाइट’ प्रत्यय. ३. डास, लघुत्वाचा प्रत्यय. ४. डास, क्रियावाचक नाम. ५. डी, समासांतील शेवटचा शब्द. ६. डी, ‘उंग’ प्रत्यय.

ज्यांचीं सहाहि उत्तरें बरोबर आलीं, त्यांनीं आजच वहींत पहिलीं दहा नामें लिहावीं. ज्यांचीं चुकलीं, त्यांनीं नियम पुन्हां वाचून उद्यां लिहावीं.